सोय ठेवली आहे

१२ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी साडेनऊ वाजता, शीळफाट्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये परेराबाई स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. त्यांना काहीही झालेले नव्हते. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, ओढणी कमरेभोवती गुंडाळून गाठ मारली, छातीवरचा आणि गुडघ्यांवरचा पट्टा आवळून घेतला आणि समोर उभ्या असलेल्या दोन सुतारांना म्हणाल्या, "उचला."

तिथे नौदलाचे एक कॅप्टन होते, आमच्या कंपनीचे प्रकल्पप्रमुख रणदिवे होते आणि मी होतो. कोणीही हसले नाही.

मला लिहिण्याची हौस नाही. परेराबाई आता कंपनीत नाहीत. त्या दिवसानंतर त्या कार्यालयात आल्या नाहीत, राजीनामा आला. "बाई हुशार होत्या, शेवटी डोके फिरले," असे आता जेवणाच्या सुट्टीत सांगितले जाते. सांगणाऱ्यांत असे लोक आहेत, ज्यांना जहाजाचा पुढचा भाग आणि मागचा भाग बाईंनी शिकवला. ते ऐकून मी गप्प बसतो. माझ्या वयाच्या माणसाने जेवणाच्या टेबलावर भांडू नये. म्हणून लिहितो.

मी आयुष्यभर गोदीत नोकरी केली. निवृत्त झाल्यावर वागळे इस्टेटमधल्या या खासगी कंपनीने सल्लागार म्हणून बोलावले. नौदलासाठी क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या, रडारला सहज न सापडणाऱ्या विनाशिकांचा एक नवा वर्ग योजला जात आहे. त्याच्या प्राथमिक आराखड्यातला एक लहानसा भाग आमच्याकडे आला होता: जहाजाच्या मागच्या अर्ध्या भागात माणसे कुठे झोपतील, कुठून चालतील, कुठून पळतील. जहाजाला अजून नाव नाही. आकडे मला ठाऊक आहेत. ते मी लिहिणार नाही.

ब्रिजित परेरा त्या आराखड्याच्या मुख्य अभियंता होत्या. वय पंचावन्नच्या पुढे. अंगाने आडव्या, चालणे जलद, आवाज मोठा. मूळच्या बाळकुमच्या. घराण्याची शेती आणि मिठागरे होती; त्यांवर आता इमारती उभ्या आहेत आणि त्या इमारतींच्या मधोमध बाईंचे कौलारू घर आहे. शुक्रवारी डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असे. तिच्या वासाने जेवणाची खोली रिकामी होई. बाई खिडकीपाशी एकट्या बसून स्वस्थपणे जेवत आणि नंतर म्हणत, "आठवड्यातून एकदा शांतता मिळते."

त्यांचा खरा वैरी काटकोन होता. नवीन माणूस आला की त्याला त्या खाली वाहनतळावर नेत आणि एखाद्या सायकलच्या मागचा लाल बिल्ला दाखवत. "ह्याच्या आत काय आहे माहितेय? बारीक बारीक कोपरे. कुठूनही उजेड टाका, तो उलटा तुमच्याकडेच येतो. रडारचं तसंच आहे. दोन भिंती काटकोनात भेटल्या की झाला चहाडखोर. आपलं जहाज कुठे आहे ते शत्रूला सांगतो." चहाडखोर हा त्यांचा शब्द. कार्यालयात सगळेच तो वापरू लागले. शिडी, वायुवाहिनी, बोट खाली सोडण्याची यारी, जे जे जहाजाच्या अंगाबाहेर येते ते चहाडखोर. बाईंनी आराखड्यातून एकेक चहाडखोर वेचून आत ढकलला. बाहेरून जहाज साबणाच्या वडीसारखे दिसू लागले.

ही खोड कार्यालयापुरती नव्हती. एकदा आम्ही नौपाड्यातून रिक्षाने जात होतो. बाई बाहेर बोट दाखवून मोजत होत्या. "हा चहाडखोर. ही बॉक्स ग्रिल बघा, चहाडखोर. त्याच्यावर एसी लावलाय, त्याच्यावर पत्रा. शाब्बास."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिले. "मॅडम, तुम्ही महापालिकेच्या का? आमच्या भावानी पण काढलीय ग्रिल बाहेर. काय होणार नाही ना?"

"महापालिकेची नाही. शत्रूची."

"मग ठीकाय," तो म्हणाला.

बैठकीत त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. कोणीही कसलाही बदल सुचवला की त्या पेन खाली ठेवत आणि विचारत, "बरं. ह्यात मरणार कोण?"

रणदिवे त्यांच्याहून बऱ्याच वर्षांनी लहान. सौम्य बोलणारे, इस्त्रीचे कपडे, कोणालाही दुखवायचे नाही अशी रीत. त्यांना हा प्रश्न असह्य होई.

"मॅडम, आपण जेवणाच्या टेबलांबद्दल बोलतोय."

"मग सांगून टाका ना, कोणी मरत नाही म्हणून. पुढे चला."

रणदिव्यांचेही एक वाक्य ठरलेले होते: "त्याची सोय ठेवू." एखादे यंत्र आत्ता बसत नसेल, एखादा पंप आत्ता परवडत नसेल, एखाद्या दाराला जागा नसेल, तर आराखड्यात तेवढी रिकामी जागा दाखवायची आणि लिहायचे: सोय ठेवली आहे. जहाजांच्या योजनेत हे सर्वत्र चालते. पुष्कळदा शहाणपणाचेही असते. परंतु या एका वाक्याखाली काय काय दडपता येते, ते मी गोदीत पाहिले होते आणि घरीही पाहत होतो.

मी डोंबिवलीला पूर्वेस राहतो, चौथ्या मजल्यावर. आमच्या इमारतीत लिफ्टची सोय ठेवली आहे. म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत एक चौकोनी पोकळी आहे आणि तीत लोकांनी सायकली, पाण्याचे पिंप आणि गणपतीची मखरे ठेवली आहेत. लिफ्ट नाही. गेल्या वर्षी माझ्या पत्नीचे खुब्याचे हाड मोडले. मी कार्यालयात येणार नाही असे कळवले. तासाभरात परेराबाई आमच्या दारात उभ्या होत्या, धापा टाकत.

पत्नीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली न्यायचे होते. शेजारचे चौघे आले. प्रत्येकजण दुसऱ्याला सूचना देऊ लागला. बाईंनी जिन्याच्या वळणाकडे एकदा पाहिले आणि चौघांतल्या दोघांना बाजूला केले. "चार माणसं वळणात मावणार नाहीत. तुम्ही खाली, तुम्ही वर. खुर्ची उलटी. वहिनींची पाठ वरच्या बाजूला. वहिनी, डोळे मिटा आणि मला शिव्या घाला." पत्नीने शिव्या घातल्या नाहीत. प्रत्येक वळणावर ती ओरडली. त्या ओरडण्याविषयी मी अधिक लिहिणार नाही.

खाली आल्यावर इमारतीचे सचिव भेटले. बाईंनी त्यांना लिफ्टच्या पोकळीपाशी नेले.

"हे काय आहे?"

"लिफ्टची सोय आहे मॅडम. ठेवलेली आहे. पुढेमागे बसवू."

"पुढेमागे म्हणजे पुढे की मागे?"

"तसं नाही, म्हणजे मेंबरांचं एकमत झालं की."

"भोकाला सोय म्हणता तुम्ही? ह्याच्यातून आजारी माणूस कसा उतरतो, दोरीनं?"

सचिव माझ्याकडे पाहू लागले. मी रुग्णवाहिकेत चढलो.

परेराबाई भांडखोर होत्या, हे मी नाकारत नाही. परंतु त्या परक्यांशीच भांडत, असे म्हणणाऱ्यांनी बाळकुमची हकिकत ऐकावी. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना क्रूस आहे. शेजारच्या गृहसंकुलाने रस्ता रुंद करण्यासाठी तो आत सरकवावा असा प्रस्ताव आणला. सगळे गाव विरोधात उभे राहिले आणि सगळ्यांनी गृहीत धरले की ब्रिजित पुढे होऊन भांडणार. ब्रिजित सभेत उठली आणि म्हणाली, "सरकवा." रुग्णवाहिका त्या तोंडातून वळत नाही, हे तिने स्वतः उभे राहून पाहिले होते.

त्यांच्या आईने सगळ्यांसमोर विचारले, "बाय, तुझ्या बापानं दर वर्षी चुना लावला त्याला. तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. तिकडे ठेवला तरी तो क्रूसच राहणार आहे, आई. मी लावीन चुना."

क्रूस हलला. गावातली अनेक माणसे त्यांच्याशी बोलेनाशी झाली. नाताळात त्यांच्या घरी दर वर्षी येणारी फराळाची ताटे त्या वर्षी आली नाहीत. हे त्यांनी मला सांगितले, तेही कार्यालयात फराळ का आणला नाही असे कोणीतरी विचारले म्हणून. सांगून झाल्यावर पुन्हा संगणकाकडे वळल्या.

आता आराखड्यातल्या त्या कोपऱ्याविषयी.

बाहेरचे सारे आत घेतले की आत गर्दी होते. इंजिनांना हवा नेणारी एक मोठी वाहिनी पूर्वी बाहेरच्या अंगाला होती. बाईंनीच ती आत घेतली. ती आत आल्यामुळे खालच्या झोपण्याच्या दालनातून वर दवाखान्याकडे जाणारी वाट एका ठिकाणी काटकोनात वळवावी लागली आणि अरुंद झाली. खाली आग लागली, तर भाजलेला माणूस याच वाटेने वर न्यायचा. दुसरी वाट नाही.

रणदिव्यांनी पडद्यावर स्ट्रेचर फिरवून दाखवले. पडद्यावर स्ट्रेचर म्हणजे एक आयत होता. आयत कोपऱ्यातून सुरेख वळला. सगळ्यांनी माना हलवल्या. बाई पडद्याजवळ गेल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "माणसं कुठायत?"

"कुठली माणसं?"

"उचलणारी. हा स्ट्रेचर काय देव उचलतोय?"

रणदिवे हसून म्हणाले, "माणसं नंतर टाकू मॅडम."

हे वाक्य मी मुद्दाम जसेच्या तसे लिहिले आहे. इतकी शिकलेली माणसे त्या खोलीत होती आणि स्ट्रेचरच्या पुढे एक व मागे एक माणूस असतो, हे कोणाच्याही चित्रात नव्हते. ते लक्षात आल्यानंतरही वाहिनी हलवण्याचा निर्णय झाला नाही. कोपऱ्यातल्या भिंतीचा एक भाग स्क्रूने बसवायचा, प्रसंगी तो काढता येईल, असे ठरले. सोय ठेवली आहे.

म्हणून परेराबाई त्या गुरुवारी शीळफाट्याला स्ट्रेचरवर झोपल्या. त्या शेडमध्ये जहाजाच्या दालनांचे प्लायवूडचे पूर्ण मापाचे नमुने उभे करतात. नमुन्याची देखरेख आणि किल्ली माझ्याकडे होती. त्या दिवशी कॅप्टन पाहणीला आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नाविक यायचे होते. ज्यांना जहाजात राहायचे, त्यांना नमुन्यातून फिरवतात आणि ते जे बोलतील ते नोंदवून घेतात, अशी पद्धत आहे. चांगली पद्धत आहे.

सुतारांनी स्ट्रेचर उचलले. पुढे पांचाळ, मागे त्याचा जोडीदार. पांचाळ कोपऱ्यातून वळला. मागच्याच्या हातांची कोपरे भिंतींत अडकली. त्याने स्ट्रेचर तिरके केले, तशा बाई एका अंगाला कलंडल्या आणि पट्ट्यांवर लटकल्या. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

"थांबा," रणदिवे म्हणाले. "इथे पॅनेल आहे. प्रसंगी काढता येतं. तशी सोय ठेवली आहे."

"काढा," बाई आडव्या अवस्थेतच म्हणाल्या.

"मॅडम, म्हणजे, वेळ आली तर."

"आलीय वेळ. काढा. मी थांबते."

स्क्रूड्रायव्हर सुतारांच्या पेटीत होता आणि दोन्ही सुतारांच्या हातांत परेराबाई होत्या. रणदिवे पेटीकडे धावले. त्यांनी आणलेला स्क्रूड्रायव्हर स्क्रूला बसेना. ते परत गेले.

"रणदिवे, धूर झालाय असं समजा," मागून बाईंचा आवाज. "दिवे गेलेत. मी ओरडतेय. तुम्ही पेटी शोधताय."

पांचाळ दबक्या आवाजात म्हणाला, "सर, पिवळ्या मुठीचा. खालच्या कप्प्यात."

कॅप्टन पुढे झाले. "मॅडम, उतर जाइए. पॉइंट समझ में आ गया."

"मला पॉइंट नको, कॅप्टनसाहेब. मला कोपरा पाहिजे."

पॅनेल अखेर निघाले. बाई पलीकडे उतरल्या, पट्टे सोडले, माझ्याकडून चष्मा घेतला. त्यांच्या दंडावर पट्ट्याचा लाल वळ उमटला होता. कॅप्टन रणदिव्यांना म्हणाले, "इसका कुछ कीजिए," आणि त्यांची गाडी मुंबईकडे निघाली.

रणदिव्यांनी काय केले, ते सांगतो. शेडच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून त्यांनी बैठकीचा निर्णय लिहिला: स्ट्रेचरच्या मार्गासाठी काढता येण्याजोग्या पॅनेलची सोय ठेवली आहे, पॅनेलशेजारी स्क्रूड्रायव्हर टांगण्याचीही सोय ठेवण्यात येईल. तो त्यांनी सहीसाठी बाईंपुढे ठेवला.

बाईंनी दोनदा वाचला. "मला एक आठवडा द्या. वाहिनी मी आत घेतली, मीच ती त्या कोपऱ्यात तिरकी करते. हवा तेवढीच जाईल. गणित अर्धं झालंय माझं."

"आठवडा नाहीये मॅडम. सगळ्या विभागांच्या सह्या झाल्यात. तुमच्या एका कोपऱ्यासाठी सगळं परत उघडायचं?"

"हो."

"आणि नाही झालं तिरकं? मग? वाहिनी परत बाहेर काढू? तुमचाच चहाडखोर आहे तो."

"माझाच आहे. म्हणूनच सांगतेय. नाविकाच्या वाटेत मी बसवलाय तो." मग त्यांनी पेन खाली ठेवले. "ह्यात मरणार कोण, रणदिवे? नाव नसलं तरी चालेल. किती वर्षांचा असेल, तेवढं सांगा."

रणदिव्यांचा चेहरा लाल झाला. त्यांना कधी ओरडताना मी ऐकले नव्हते. "पुरे झालं! दर वेळी तेच! आम्ही काय खुनी आहोत का?" मग त्यांनी आवाज खाली आणला, शर्टाची बाही नीट केली आणि सांगितले की उद्यापासून बाईंनी बंदरातल्या तराफ्यांचे काम पाहावे, या प्रकल्पावर त्यांची गरज नाही. सही त्यांच्याऐवजी ते स्वतः करतील.

"करा," बाई म्हणाल्या. "मी तराफे बघणार नाही. घरी जाते."

रणदिवे निघून गेले. बाई गेल्या नाहीत. त्यांनी नमुन्यात शिरून पॅनेल पुन्हा स्क्रूने जागेवर बसवले, कानामागची पेन्सिल काढली आणि वाहिनीच्या भिंतीवर, पॅनेलसकट, वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढली. रेघ कुठे हवी हे त्यांना मोजावे लागले नाही. मग पांचाळकडे हात पुढे केला. "करवत."

पांचाळने माझ्याकडे पाहिले. मी वाटेतून बाजूला झालो. नमुना कापून बघण्यासाठीच असतो.

त्यांना करवत चालवता येत होती. पॅनेल आणि त्याच्या मागची चौकट धरून कोपऱ्याचा एक अखंड तुकडा खाली आला. कापलेल्या जागी त्यांनी शेडमध्ये उरलेले शेवटचे प्लायवूड तिरके ठोकून भिंत बंद करून घेतली. घामाने कमीज पाठीला चिकटली होती.

"आता मी झोपतो मॅडम," पांचाळ म्हणाला. "तुम्ही उचला, बघू."

पुढे बाई, मागे पांचाळचा जोडीदार, मध्ये पांचाळ. तिघे त्या कोपऱ्यातून कुठेही न घासता वळले आणि वरच्या दालनात गेले. वरून पांचाळ ओरडला, "सर, परत एकदा? मजा येते." बाई म्हणाल्या, "उतर खाली, मजा येते म्हणे. किती जड आहेस रे तू."

त्यांनी हात धुतले. मला "येते" एवढेच म्हणाल्या. मी शेडच्या दारातून पाहिले. फाट्यावर कंटेनरची रांग लागलेली होती, धूळ उडत होती आणि परेराबाई ठाण्याच्या बाजूला उभ्या राहून एका रिक्षावाल्याशी भांडत होत्या. तो नाही म्हणत मान हलवत होता. त्या आत बसल्या. तरीही त्यांचा हात बाहेर हलताना दिसत होता. मग रिक्षा निघाली.

चार वाजता रणदिव्यांचा फोन आला. कोणीतरी त्यांना कळवले होते. ते शांत होते. "सबनीससाहेब, तो कापलेला भाग होता तसा बसवून घ्या. उद्या नऊला नाविक येतायत. नमुना मंजूर आराखड्याप्रमाणेच दिसायला हवा. मॅडमचं तुम्ही मनावर घेऊ नका."

मी फोन ठेवला. पांचाळ शेजारी उभा होता.

"बसेल का?" मी विचारले.

"तुकडा अख्खा आहे सर. मागून दोन पट्ट्या मारल्या की बसला. कळणार पण नाही."

"आणि नवी शीट आणायची म्हटली तर?"

"आज नाही मिळायची. उद्या दुपारनंतर."

त्याने तुकडा उचलून भिंतीला लावला. मी त्याला तो बाकावर ठेवायला सांगितले. कोट काढून खुर्चीवर टाकला. करवत घेतली. तुकडा आधी आडवा कापला, मग उभा.